हरलेल्या बाजूचे आप्पा

कुठलाही निकाल लागला की सगळं जग विचारतं, कोण जिंकलं? आमच्या नरडाण्याचे आप्पा विचारतात, "कोन हारनं?" उत्तर मिळालं की टोपी काढून मांडीवर झटकतात, पुन्हा डोक्यावर चढवतात आणि जाहीर करतात, "मंग मी त्यास्ना."

त्या क्षणापासून आप्पा हरलेल्या बाजूचे. आदल्या रात्रीपर्यंत ते कुणाचे होते हे विचारण्यात अर्थ नाही, कारण निकालाआधी आप्पा कुणाचेच नसतात. प्रचारात ते दोन्हीकडच्या गाडीत बसतात, दोन्हीकडचा चहा पितात आणि दोन्ही उमेदवारांना "तुमचं काम पक्कं" म्हणून सांगतात. ग्रामपंचायत असो, विकास सोसायटी असो, लोकसभा असो, नाहीतर सातासमुद्रापलीकडचं सार्वमत असो, शेवटची पेटी फुटली (मशीन येऊन इतकी वर्षं झाली, आप्पांच्या तोंडी अजून पेटीच फुटते) की मग ते ठरवतात आणि एकदा ठरवलं की मरेपर्यंत बदलत नाहीत.

यामागे आप्पांचा हिशेब आहे. जिंकलेल्या माणसाला बोलायला मिळतं किती? गुलाल उधळेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक त्याला विचारायला लागतात, नळाला पाणी कधी, गटारीचं काय, विम्याचे पैसे कुठे अडकले? तिसऱ्या दिवशी तो फोन बंद ठेवतो. हरलेल्याचं तसं नसतं. "आमचा आला असता तर" या वाक्यावर माणूस चाळीस वर्षं बसून खाऊ शकतो, आणि त्याला खोटं पाडायची सोय देवानंही ठेवलेली नाही. आप्पांना बोलायचं असतं. त्यांनी बाजू निवडली ती बोलण्याच्या सोयीनं, आणि मला वाटतं, अनेक मोठमोठे विश्लेषकही हेच करतात. फक्त ते टोपी झटकत नाहीत.

नरडाणा म्हणजे धुळ्याहून शिरपूरकडे निघालात आणि सोनगीर मागे टाकलंत की येतं ते. मुंबई-आग्रा रस्ता गावाला लागून, सुरत-भुसावळ रेल्वे गावातून, शिवाय एमआयडीसी. बातमी रस्त्यानं येते, रुळावरून येते, आणि हल्ली खिशातूनही येते. पण गावात ती खरी मानली जाते हायवेवरच्या हॉटेलात आप्पांनी तिच्यावर हात फिरवल्यानंतर. आप्पांची हयात एका जिनिंगमध्ये मुनीम म्हणून गेली. कापसाच्या गाठी, वजन, घट, तूट. निवृत्त होताना त्यांनी तिथून एक कोरी खतावणी आणली. लाल कापडी पुठ्ठ्याची. तिच्यात तीन रकाने आहेत: जिंकले, हरले, फरक. पहिला रकाना बारीक पेन्सिलीनं, दुसरा शाईनं, आणि तिसऱ्याखाली दोन रेघा. या वहीत आमच्या ग्रामपंचायतीच्या वॉर्डाला आणि कॅनडातल्या क्वेबेकला सारखंच एक पान आहे.

क्वेबेकचं पान आप्पांचं विशेष लाडकं. १९९५ साली तिथल्या लोकांनी कॅनडातून वेगळं व्हायचं की नाही यावर मत दिलं आणि वेगळं होऊ पाहणारे ५४ हजार मतांनी हरले. बाद ठरलेली मतं ८६ हजारांवर! "फरकापेक्षा बाद जास्त," असं म्हणताना आप्पांचा आवाज कापतो. क्वेबेक कुठे आहे हे त्यांना नीटसं ठाऊक नाही. पण गठ्ठ्यात घट निघाली की मालकासमोर उभं राहायचं असतं, हे ठाऊक आहे.

वहीचं पहिलं पान मात्र गोव्याचं. आप्पा तेव्हा सतरा वर्षांचे होते. १६ जानेवारी १९६७. गोवा पोर्तुगिजांकडून सुटून पाच वर्षं झाली होती आणि त्यानं महाराष्ट्रात यायचं की केंद्रशासित राहायचं, याचा कौल तिथल्या लोकांकडून घ्यायचं ठरलं. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासितची दोन पानं. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून त्यांनी आधी खुर्ची सोडली. पलीकडे डॉ. जॅक सिक्वेरा. महाराष्ट्रात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की फूलच येणार. पेपरात तसंच, भाषणात तसंच, आमच्या गावच्या रेडिओभोवतीही तसंच. नरडाण्यातल्या कुणी गोवा पाहिला नव्हता. पण तो आपला आहे, याबद्दल पारावर एकाचंही दुमत नव्हतं.

आली पानं. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. फरक ३४,०२१. आप्पा हे आकडे झोपेतून उठवलं तरी सांगतात, आणि मी एकदा खरंच झोपेतून उठवून खात्री केली आहे.

गाव त्या दिवशी खट्टू झालं. काहींनी गोवेकरांना कृतघ्न ठरवलं, काहींनी मोजणीवर संशय घेतला, एकानं सगळं खापर नेहरूंवर फोडलं. ते जाऊन अडीच वर्षं झाली होती, हे कुणी त्याला सांगितलं नाही. दोन दिवसांनी ज्वारीची राखण, कापसाची वेचणी, जो तो कामाला लागला. पोरगेला आप्पा तेवढा बोलत राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की ऐकायला माणसं थांबतात. जिंकलो असतो तर गोव्याचं काय झालं असतं, हे सतरा वर्षांचं पोर सांगत होतं आणि साठीचे लोक माना डोलावत होते. आप्पांचा धंदा तिथे सुरू झाला.

गोव्याच्या कौलानं त्यांना आयुष्यभर पुरेल इतका माल दिला. ज्यांनी कौल गमावला त्या बांदोडकरांना त्याच वर्षी विधानसभेच्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा मुख्यमंत्री केलं. "हारना आन् परत खुर्चीवर! असा नेता पाहिजे!" आणि पुढे १९८७ साली गोवा झाला स्वतंत्र राज्य, जो पर्याय कौलाच्या चिठ्ठीवर नव्हताच. म्हणजे आप्पांच्या हिशेबानं फूलवाले १९६७ ला हरले आणि पानवाले वीस वर्षांनी. त्यांनी वहीत पानवाल्यांचा पेन्सिलीतला आकडा शाईचा करून टाकला.

इथे त्यांची एक जखमही आहे, पण ती ते क्वचित उघडी करतात. १९६० ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा आमच्या पश्चिम खानदेशातली १५६ गावं गुजरातला गेली. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यातली. आप्पांची आत्या त्यातल्या एका गावात दिलेली होती. एक मेच्या सकाळी ती उठली ती गुजरातेत. घर तेच, विहीर तीच, म्हैस तीच. "त्यास्ले कोनी फूल दखाडं का, पानं दखाडी?" असं आप्पा विचारतात आणि लगेच चहाची ऑर्डर देतात. या गावांना वहीत पान आहे, पण तिन्ही रकाने कोरे. मतदानच झालं नाही तर फरक कसा काढणार?

ब्रेक्झिटचा दिवस मला लख्ख आठवतो. २४ जून २०१६, शुक्रवार. दोन वर्षं दुष्काळात गेलेली, जून सरत आलेला, आणि हॉटेलात जमलेला प्रत्येक माणूस एकदा आभाळाकडे बघायचा, एकदा टीव्हीकडे. आभाळात पाऊस नव्हता आणि टीव्हीवर इंग्लंड होतं.

"कोन हारनं?" आप्पा आत येतायेताच म्हणाले.

हॉटेलवाल्याचा पोरगा कॉलेजात होता. "युरोपात राहू म्हणणारे हरले आप्पा. ५१.९ टक्के बाहेर पडा म्हणाले, ४८.१ टक्के राहा म्हणाले."

टोपी निघाली, झटकली गेली, चढली. "मंग मी त्यास्ना. मतदान किती झालं?"

"७२ टक्के."

"म्हणजे अठ्ठावीस टक्के घरी बसले. त्यांना कुणी विचारलं? इंग्रजांना दीडशे वर्षं आपण बाहेर जा म्हणून सांगत होतो, तेव्हा नाही गेले. आता कुणी सांगितलं नाही तर निघाले!"

"आप्पा," कोपऱ्यातून एक कापूसवाले नाना म्हणाले, "कापूसना भाव वाढी का नही, ते सांगा."

आप्पांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की नानांनी बशीत लक्ष घातलं. एवढ्यात एमआयडीसीतला एक तरुण सुपरवायझर मोबाइल हातात धरून घामाघूम आत आला. त्यानं नुकताच म्युच्युअल फंड सुरू केला होता. सेन्सेक्स हजारानं कोसळला होता (संध्याकाळी सावरून सहाशे पाचवर थांबला, पण सकाळच्या माणसाला संध्याकाळ माहीत नसते). मतदान लंडनला आणि पैसे आपले कसे गेले, हे त्याला कुणीतरी समजावून हवं होतं. आप्पांनी समजावलं नाही. त्यांनी बाकड्यावर सरकून जागा केली. "तूबी हारना ना? ये, आठे बठ."

मग फोन लागला भाच्याला. भाचा तेव्हा लंडनला सॉफ्टवेअरमध्ये. तिकडे उजाडलेलं होतं आणि तो बिचारा ऑफिसला निघत होता. आप्पांनी त्याला स्पीकरवर टाकला, कारण घरचं बोलणं आणि जगाचं बोलणं यात ते भेद करत नाहीत.

"मामा, मीपण काल मत दिलं."

हॉटेलात सगळे गप्प झाले. पुरी तळणाऱ्यानं झारा वर धरला. भारताचा पासपोर्ट खिशात असलेला आमच्या गावचा पोरगा इंग्लंडनं कुठे राहावं हे ठरवतो, ही गोष्ट पचायला वेळ लागला. पण ती खरी होती. तिकडे रीतसर राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या देशांच्या नागरिकांना त्या सार्वमतात मत होतं आणि भारत राष्ट्रकुलात आहे. भाच्याच्या शेजारच्या टेबलावर पोलंडचा एक माणूस बसायचा, दहा वर्षं तिथे कर भरणारा. खरा प्रश्न त्याच्या पोटाचा होता, त्याला मत नव्हतं. आमच्या पोराला होतं. नरडाण्याच्या मतदानाला मात्र त्याला विमान करून यावं लागलं असतं.

"कोणाला दिलं?" आप्पा.

"मामा, ते गुप्त असतं."

"ते असू दे. हरला का जिंकला?"

"हरलो मामा."

"शाब्बास!" आप्पांचा ऊर भरून आला. "मामाचं नाव राखलं."

दुपारी एकच्या सुमारास पंतप्रधान कॅमेरून आपल्या घराच्या दारात उभे राहून राजीनामा देतो म्हणाले. आप्पा तोवर जेवायलाही गेले नव्हते. कॅमेरून यांना त्यांनी जागच्या जागी आपल्या बाजूला घेतलं. पुढच्या काही दिवसांत फेरमतदान घ्या म्हणणाऱ्या अर्जावर तिकडे चाळीस लाखांवर सह्या झाल्या, तेव्हा सही कुठे करायची म्हणून ते हॉटेलवाल्याच्या पोराच्या मागे लागले. नरडाण्याच्या पत्त्यावरून चालत नाही म्हटल्यावर त्यांनी वहीतच सही केली, तारखेसकट.

या सगळ्यात आप्पांनी एकदाच मला गप्प केलं, आणि ते सांगितलं नाही तर माणसाचं चित्र अर्धं राहील. आपल्याकडे गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान घेता येतं. चिठ्ठीवर दोन बाटल्या: उभी म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण नियम असा, की मतदानाला आलेल्या बायकांतल्या निम्म्या पुरत नाहीत. यादीत जितक्या महिला मतदार आहेत त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी बाटली केली पाहिजे. कापूस वेचायला गेलेली, बाळंतीण, माहेरी गेलेली, मेलेली पण यादीतून न निघालेली, सगळ्या उभ्या बाटलीकडे जमा! किती तरी गावांत आडवीला उभीपेक्षा ढीगभर जास्त मतं पडली आणि दुकान तरीही चालू राहिलं.

आप्पांनी पेपरच्या कडेला गणित मांडलं. इंग्लंडच्या यादीत मतदार ४ कोटी ६५ लाख. बाहेर म्हणणारे १ कोटी ७४ लाख. शंभरात सदतीस. "आपल्या बायांना दारूचं एक दुकान बंद करायला शंभरात पन्नासच्या वर लागतात," ते म्हणाले, "आणि या लोकांना अख्खा युरोप बंद करायला सदतीस पुरले. नियम आपला लावा, इंग्लंड जागेवर आहे."

मी घरी जाऊन भागाकार करून पाहिला. बरोबर होता. टीव्हीवर त्या दिवशी कितीतरी टायवाले बोलले, हे कुणी बोललं नाही.

पण हॉटेलात एक निवृत्त गुरुजी बसतात. आप्पांचा उत्कर्ष त्यांना बघवत नाही. त्यांनी तोच नियम गोव्याला लावला. यादीत मतदार ३,८८,४३२. पानांना मिळाली १,७२,१९१. शंभरात चव्वेचाळीस. आप्पा ताडकन उठले. एकोणपन्नास वर्षांनी गोवा परत आला होता! "म्हंजे पानं पास झालीच नाहीत!"

"आणि फुलाला शंभरात छत्तीस," गुरुजी शांतपणे म्हणाले.

आप्पा उभ्याउभ्या थोडा वेळ विचार करत राहिले. मग टोपी काढली, झटकली. "दोन्ही हारनात. मंग मी दोन्हीस्ना."

त्यांची खरी पंचाईत ब्रेक्झिटच्या आदल्या वर्षी ग्रीसनं केली होती. जुलै २०१५ मध्ये ग्रीसच्या लोकांनी सावकारांच्या अटी ६१ टक्क्यांनी धुडकावल्या. आप्पा रिवाजाप्रमाणे "अटी मान्य" म्हणणाऱ्या ३९ टक्क्यांत जाऊन बसले. आठवडा उलटतो न उलटतो तोच ग्रीसच्या सरकारनं तशाच अटी मुकाट मान्य केल्या. जिंकलेले हरले! आप्पांना भर पावसाळ्यात बाजू बदलावी लागली. त्या पानावर इतकी खाडाखोड आहे की ग्रीसचं काय झालं ते आता त्यांनाही वाचता येत नाही.

आणि मनमाड-इंदूर रेल्वे. पिढ्यान् पिढ्या प्रत्येक उमेदवारानं भाषणात जिची शिट्टी वाजवली ती ३०९ किलोमीटरची लाइन, सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केली. १८ हजार कोटी. धुळे, नरडाणा, शिरपूर, सगळीकडे पेढे. आप्पा दिवसभर कासावीस. हरलं कोण, हेच कळेना. आठवडाभर शोध घेतल्यावर सापडले: ज्यांच्या शेतातून रूळ जाणार ते. आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला आणि दुसऱ्या सकाळी जमिनीच्या मोबदल्यावर बोलायला हजर झाले. खरं सांगायचं तर त्या शेतकऱ्यांचं म्हणणं तेव्हा दुसरं कुणी ऐकूनही घेत नव्हतं.

घरी मात्र आप्पांचं बिंग एकदा फुटलं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो. घरात कूलर घ्यायचा की एसी, यावर वाद पेटला. नातू शाळेत लोकशाही शिकून आला होता. त्यानं शाळेच्या वहीची पानं फाडून चिठ्ठ्या केल्या, दप्तरातल्या डब्याची मतपेटी केली. मतदार पाच: आप्पा, काकू, मुलगा, सून आणि तो स्वतः. गुप्त मतदान झालं. काकूंनी बिबडे वाळत घालता घालता मत टाकलं. डबा उघडला.

"कूलर जिंकला!" नातू ओरडला.

आप्पांनी टोपी झटकली. "मंग मी एसीवाला. मी आधीपासून सांगत होतो, कूलरला पाणी लागतं, आपल्याकडे पाणी चार दिवसांआड येतं. पण ऐकतं कोण? एसीवाल्यांचं म्हणणं दाबलं गेलं..."

"आप्पा," नातू चिठ्ठ्या पुन्हा मोजत म्हणाला, "एसीला शून्य मतं आहेत."

सून स्वयंपाकघरात निघून गेली. काकू बिबड्यांवर वाकल्या, पण खांदे हलताना दिसत होते. आप्पांनी एकवार डब्यात डोकावून पाहिलं.

"बाद किती झाली?" त्यांनी विचारलं.

कूलर आला. आप्पा त्याच्यासमोर झोपतात आणि उठल्यावर एसीबद्दल बोलतात.

नरडाण्याला कधी उतरलात तर हायवेवरच्या हॉटेलात डोकवा. आप्पा तिथेच असतात. त्यांच्याशी वाद जरूर घाला, पण जिंकू नका. जिंकलात तर आप्पा हरलेले, आणि मग तुमची संध्याकाळची गाडी चुकलीच म्हणून समजा. लवकर हरून घ्या. तुम्ही हरलात की ते टोपी झटकून ताबडतोब तुमच्या बाजूला येऊन बसतात. चहाचे पैसे मात्र तुम्हालाच द्यावे लागतील. आपल्या बाजूच्या माणसाशी ते कधी हिशेब ठेवत नाहीत.